संपत मिस्त्रींचा कान

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, टाइल्सचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मध्ये, एक हिरवी पाटी दिसते. ‘झाडे कापायचे कटर दुरुस्त करून व जोर वाढवून मिळतील. मशीन कसे बिघडले ते खरे सांगावे. पिस्टन नाहीतरी सांगणारच आहे.’ पाटी संपत मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने रंगवलेली, आणि तिच्यातला शब्दन्‌शब्द त्यांना मनापासून म्हणायचा आहे. गिऱ्हाईक पाटी वाचतं, हसतं, आणि दोन मिनिटांनी सांगतं की मिस्त्री, काहीच केलं नाही हो, आपोआपच बंद पडलं. मिस्त्री वाद घालत नाहीत. सिलिंडर उघडून पिस्टन बाहेर काढतात, फडक्याने पुसतात, गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, “वाचा.” मग गिऱ्हाइकाला हळूहळू सगळं आठवायला लागतं.

मिस्त्री मूळचे शेजारच्याच कळसचे. गावाचं शहर झालं तेव्हा चुलतभावांनी शेतात इमारती उठवल्या आणि मिस्त्रींच्या वाट्याला रस्त्याकडेची एक चिंचोळी पट्टी आली. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे हातभर अंगण. चुलतभावांच्या गाड्या मोठ्या झाल्या, मिस्त्रींची जुनी स्कूटर तीच राहिली, आणि याचं त्यांना काडीइतकंही वाईट वाटत नाही. ते म्हणतात, त्यांच्या गाड्या चालतात, माझी बोलते.

ही बोलणारी स्कूटर त्यांच्या तारुण्यातली. पुण्यात घरटी एक स्कूटर होती तेव्हा तिला पळवायचं कसं, हे ज्या चार-पाच जणांना ठाऊक होतं त्यांत संपत मिस्त्री होते. मातीच्या शर्यतींना पोरं त्यांच्याकडून इंजिनं करून नेत. पुढे सरकारने धुराचे नियम बदलले, जुनी इंजिनं बाजारातून गेली, आणि नव्या गाड्या आल्या त्या शिलाई मशीनसारख्या गुमान चालणाऱ्या. त्यांत कानस घालायला जागाच नव्हती. चार वर्षं मिस्त्री टेम्पोचे क्लच बदलत बसले. त्या चार वर्षांबद्दल ते बोलत नाहीत, मुक्ताईही बोलत नाहीत.

मुक्ताई म्हणजे मिस्त्रींच्या बायको. कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर समोरच्याला दुसऱ्या दिवशी लागेल असं बोलणाऱ्या.

चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी दुकानासमोर टेम्पो थांबला आणि लोणी काळभोरच्या तुळजाबाई उतरल्या. त्यांचा लाकडाचा धंदा. मालक वारल्यावर लोकांनी त्यांना वखार विकून मोकळं व्हायचा सल्ला दिला, तो त्यांनी ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः वखारीत बसल्या. वठलेली झाडं परवानगी काढून उतरवायची, ओंडके करायचे, वखारीत आणायचे. टेम्पोतून त्यांनी पोत्यात गुंडाळलेला कटर काढला आणि मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला.

“इलायती मशीन हाय, समदे म्हणत्यात भारी हाय,” त्या म्हणाल्या. “पर बाभळीला लागलं की रडतंय. तुमी म्हणं स्कुटरी पळवायचा. हे पळवून दावा.”

मिस्त्रींनी असलं यंत्र तोवर हातात घेतलं नव्हतं. त्यांनी ते उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आत तेच होतं सगळं. एक सिलिंडर, हवेची आणि धुराची भोकं, पेट्रोलमध्येच मिसळलेलं तेल. स्कूटरचंच काळीज, फक्त चाकांऐवजी पुढे दातांची साखळी. चार वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी ते जेवायला वर गेले नाहीत.

कंपनी मशीन बनवते ते साऱ्या जगासाठी. धूर कमी, आवाज कमी, कुणाच्याही हाती दिलं तरी टिकलं पाहिजे. त्यापायी त्याचा बराचसा जोर आतच बांधून ठेवलेला असतो. मिस्त्री तो सोडवतात. धूर बाहेर जायचं भोक बारीक कानशीने केसभर रुंद करायचं, कडा पॉलिश पेपरने आरशासारख्या करायच्या, सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं, ठिणगी निमिषभर आधी पडेल अशी व्यवस्था करायची. एवढं केलं की कंपनीची वॉरंटी गेली, हे ते आधीच सांगतात. वॉरंटीसाठी रडत परत आलेलं अजून तरी कुणी नाही. तुळजाबाईंच्या त्या पहिल्या मशीनला अंगणातला बाभळीचा ओंडका कापायला आधी बावीस सेकंद लागले होते. मिस्त्रींच्या हाताखालून गेल्यावर सोळा लागले. तुळजाबाईंनी शर्यतीचं जुनं घड्याळ स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा मोजलं, मग टेम्पोतून दुसरं मशीन काढलं.

तेव्हापासून मिस्त्रींचं बरं चाललं आहे. पावसाळ्यात फांद्या तोडणारे ठेकेदार येतात, फार्महाउसवाले येतात, बारामतीहून कुणी एसटीच्या पार्सलने मशीन धाडतं.

या कामात सगळ्यात शेवटी यायचा तो एक स्क्रू. कानस चालवायला हात लागतो, तो शिकता येतो. स्क्रूला कान लागतो. मशीन मागच्या अंगणात न्यायचं, पूर्ण रेसवर धरायचं, आणि कार्बोरेटरचा तो बारका स्क्रू उजवीकडे फिरवत पेट्रोल कमी करत आणायचं. आधी आवाज भरडा असतो. मग त्याला धार येऊ लागते. पुरती धार यायच्या जरा आधी, आवाज अजून किंचित बोबडा असतानाच थांबायचं. मशीन लाकडात शिरलं की उरलेली धार आपोआप येते. हवेतच ते स्वच्छ किंचाळायला लागलं तर समजायचं की ते उपाशी आहे. पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं तेलही कमी, आणि मग आत सगळं तापून पिस्टन सिलिंडरला चिकटतो.

हे काम मिस्त्री उघड्या कानांनी करत. बाजारात कानांवर घालायच्या मोठ्या टोप्या मिळतात, मुलगी पूर्णिमाने बंगळूरहून एक पाठवलीही होती. मिस्त्रींनी ती खिळ्याला टांगून ठेवली. कान झाकून स्क्रू लावणं म्हणजे नाक धरून आमटी चाखणं, असं त्यांचं मत. ते त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं की आता बदलायची सोय नव्हती.

स्क्रू लागला की मशीन बंद करायचं, हात पुसायचे आणि तेरा पायऱ्या चढून वर जायचं. वर चहा कपात ओतला जात असे. स्कूटरच्या दिवसांपासूनची ही रीत. मिस्त्रींनी कधी हाक मारली नाही, मुक्ताईंनी कधी ‘येताय का’ म्हणून विचारलं नाही. स्क्रू पाच मिनिटांत लागो की अर्ध्या तासात, चहा नेमका तेव्हाच तयार. आपलं नशीब, असं मिस्त्री समजत आणि फुंकर मारून पीत.

गेल्या दिवाळीनंतर हा चहा बिघडला. काळा, आटलेला, कडू. मिस्त्रींनी दोन-तीनदा बोलून दाखवलं की हा चहा आहे की काढा. मुक्ताईंनी एकदा त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “बघते.” दुसऱ्या दिवशी चहा तसाच होता. एवढं एक सोडलं तर सगळं ठीक होतं, असं मिस्त्रींना वाटत होतं.

जानेवारीत तुळजाबाईंचा टेम्पो आला तो आधी फोन न करता. त्यांच्या सगळ्यात मोठ्या मशीनचं इंजिन मिस्त्रींनी महिन्यापूर्वीच पुन्हा केलं होतं. तेच जाम होऊन आलं होतं, दोरी ओढवत नव्हती. एका मळ्यातली वठलेली चिंच उतरवायची होती. बुंधा अर्ध्याहून जास्त कापला गेला असताना मशीन एकदा उंच ओरडलं आणि थांबलं. अर्धं कापलेलं झाड वाऱ्यावर करकरत होतं आणि खाली रतन उभा होता. रतन हा तुळजाबाईंचा मुख्य कापणारा, चाळिशी ओलांडलेला, सावकाश माणूस. त्याने घाईघाईने पाचरी ठोकल्या, मग लहान मशीनने उरलेलं कापायला संध्याकाळ झाली. कुणाला खरचटलंही नाही. पण सांगताना तुळजाबाई नेहमीपेक्षा हळू बोलत होत्या.

मिस्त्रींनी मशीन उघडलं, पिस्टन बाहेर काढला, पुसला. मग उजेडात धरून पुन्हा पुसला. पिस्टन एकाच बाजूने खरडला होता, धुराच्या तोंडाकडच्या. तेल घालायला विसरलं तर पिस्टन चारी बाजूंनी खरडतो. एकाच बाजूला खरडतो तेव्हा पेट्रोल कमी पडलेलं असतं, आणि पेट्रोल किती जायचं हे त्या स्क्रूने ठरतं.

“काय म्हणतोय पिस्टन?” तुळजाबाईंनी विचारलं.

चौदा वर्षांत पहिल्यांदा संपत मिस्त्रींनी पिस्टन गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही. तो फडक्यात गुंडाळत ते म्हणाले, “तेल कमी पडलं असेल पेट्रोलात.”

तुळजाबाईंनी मान हलवली. रतनच पेट्रोल कालवतो, त्या म्हणाल्या, वय झालं त्याचंही, लक्ष राहत नसंल. मशीन तिथेच सोडून त्या गेल्या. जाताना टेम्पोतला पेट्रोलचा कॅनही ठेवून गेल्या, काय ते बघा म्हणून.

चार दिवसांनी फोनवर सहज बोलता बोलता त्यांनी सांगितलं की रतनला मशीनवरून काढलं आहे, हल्ली तो फांद्यांच्या मोळ्या बांधतो. अठरा वर्षं कापणाऱ्या माणसाने मोळ्या बांधायच्या, म्हणजे आचाऱ्याने खरकटी काढायची. मिस्त्री फोनवर ‘बरं’ म्हणाले, आणि आपण ‘बरं’ म्हणालो याचा त्यांना दिवसभर राग येत राहिला.

दुपारी त्यांनी तो कॅन उघडला. वर्तमानपत्राच्या कागदावर त्यातला एक थेंब सोडला. पेट्रोल उडून गेलं आणि मागे तेलाचा चांगला मोठा, गोल डाग राहिला. रतनने तेल बरोबर घातलं होतं. मग त्यांनी मशीन पुन्हा तपासलं. कुठून हवा खेचत असेल तर बरं, असं म्हणत एकेक सील पाहिलं. सगळी सीलं धड होती. उरला तो स्क्रू. तो महिन्याभरापूर्वी त्यांनीच लावला होता आणि त्यावर त्यांचा रंगाचा ठिपका जसाच्या तसा होता, म्हणजे मध्ये कुणी तो फिरवला नव्हता.

आणखी दोन मशीनं दुरुस्त होऊन गिऱ्हाइकाची वाट बघत उभी होती. मिस्त्रींनी त्यांचे सायलेन्सर काढले आणि बॅटरी लावून आत पाहिलं. अंगणातच थोडा वेळ चाललेली मशीनं, तरी पिस्टनच्या धुराकडच्या बाजूचा रंग त्यांना आवडला नाही. ते दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. समोरच्या रस्त्यावरून पीएमपीची बस गेली, एक रिक्षा गेली. त्यांना एकदम जाणवलं की रिक्षावाल्याने हॉर्न दाबलेला दिसला, पण त्यातली टोचणी आलीच नाही. आवाज सगळे येत होते, पण चादरीखालून आल्यासारखे, बोथट. म्हणजे मशीनला धार केव्हाच आलेली असायची. ती त्यांच्या कानापर्यंत पोचत नव्हती, म्हणून ते स्क्रू आणखी फिरवत होते.

वेळ होऊनही मिस्त्री वर आले नाहीत तेव्हा मुक्ताई खाली आल्या. त्यांच्या हातात कप होता. एवढ्या वर्षांत चहा खाली येण्याची ही पहिलीच वेळ. मिस्त्रींनी सगळं सांगून टाकलं. पिस्टन, थेंबाचा डाग, रतनच्या मोळ्या. शेवटी म्हणाले की माझा कान गेला, मुक्ताई. कान गेला म्हणजे मी गेलो.

मुक्ताई शेजारी बसल्या. थोडा वेळ त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

“दिवाळीपासून चहा काळा का होतोय, ते कधी विचारलंत का?” त्या म्हणाल्या.

“विचारलं की. तू बघते म्हणालीस.”

“मी तसाच करते, पहिल्यापासून करते तसा. खाली आवाज लागला, म्हणजे हवा तसा जमला, की आधण ठेवते. तुम्ही मशीन बंद करून, हात पुसून जिना चढेपर्यंत तो होतो. हल्ली आवाज लागतो, मी ठेवते, आणि तुमचं आपलं चालूच. आवाज पातळ होत जातो, इकडे चहा आटत जातो. मग केव्हातरी वर येता आणि म्हणता, काढा झालाय.”

मिस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिले. “तुला आवाज लागलेला कळतो?”

“इतकी वर्षं पायाखाली वाजतंय. न कळायला काय झालं?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्या कामात मी कधी बोलले का? वाटलं, काहीतरी नवीन काढलं असेल.” मुक्ताईंनी कप मिस्त्रींच्या हातात दिला. “कान कमी झालाय हे ठाऊक होतं. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही तुम्हाला. पण आवाज पातळ झाला की मशीन जळतं, हे मला कुठे माहीत? मला एवढंच माहीत होतं की चहा कडू होतोय.”

मिस्त्रींना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. आपलं नशीब म्हणून इतकी वर्षं जे प्यायलो ते नशीब नव्हतं, वर कुणीतरी कान देऊन उभं होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी हातातला चहा संपवला. तो गार झाला होता, पण चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिस्टन फडक्यात बांधून खिशात घातला आणि स्कूटर काढली. येरवडा, मुंढवा, हडपसर, मग सोलापूर रस्ता. वाटेत त्यांनी तीन वेळा मनाशी बोलणं जुळवलं आणि वखारीच्या फाटकात शिरताच ते सगळं विसरले. तुळजाबाई वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. पलीकडे रतन उकिडवा बसून मोळ्या बांधत होता. मिस्त्रींनी त्यालाही हाक मारून बोलावलं. मग पिस्टन काढून तुळजाबाईंच्या तळहातावर ठेवला.

“हा तुम्ही वाचायचा राहिला होता, ताई,” ते म्हणाले. “खरडलाय तो फक्त या बाजूला. तेल नसतं तर चारी बाजूंनी गेला असता. रतनने तेल बरोबर घातलं होतं. स्क्रू मी चुकीचा लावला. माझ्या कानाला हल्ली वरचा आवाज कळत नाही. आणि हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, तरी मी खोटं बोललो.”

तुळजाबाईंनी पिस्टन उलटासुलटा करून पाहिला. “त्याच दिशी का न्हाय सांगितलं?”

“लाज वाटली.”

“आन आज?”

“आज जास्त वाटली.”

यावर बोलला तो रतन, आणि तेही मिस्त्रींकडे न बघता, हातातल्या सुतळीकडे बघत. “म्या रोज आठवतोय, मिस्त्री. त्या दिशी तेल घातलं का न्हाय. घातल्यालंच आठवायचं. पर तुमी म्हणलात, म्हून म्हणलं आपलंच डोकं चालंना झालं.”

हे मिस्त्रींना सगळ्यात जास्त लागलं. तुळजाबाईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी सहज पचवल्या असत्या. त्यांनी रतनपुढे हात जोडले. रतन अवघडून मागे सरकला आणि म्हणाला, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या.

मिस्त्रींनी सांगितलं की मशीन मी माझ्या खर्चाने उभं करून देतो, पण यापुढे ताईंनी दुसरा मिस्त्री बघावा. तुळजाबाईंनी पिस्टन त्यांच्या हातात परत दिला. दुसरा कोण आपला पिस्टन घेऊन आपणहून दारात येणार आहे, एवढंच त्यांनी विचारलं, आणि वर एक अट घातली. स्क्रू लागेल तेव्हा रतन समोर उभा असेल. झाडाखाली त्यालाच उभं राहायचं आहे, त्याची खात्री पटली तर मशीन न्यायचं. मोळीची सुतळी त्यांनी रतनच्या हातातून स्वतःच काढून घेतली.

मधल्या आठवड्यात मुक्ताईंनी मिस्त्रींना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी बटणं दाबून तपासणी केली आणि कागदावरची उतरती रेघ दाखवली. खालचे आवाज शाबूत आहेत, वरचे गेले, ते परत येणार नाहीत, उरलेत तेवढे सांभाळा आणि यंत्राजवळ कान झाकत चला. मिस्त्रींनी घरी येऊन पूर्णिमाची टोपी खिळ्यावरून काढली आणि तिच्यावरची धूळ झटकली. दुकानात उभी असलेली ती दोन मशीनंही त्यांनी धरून ठेवली आणि गिऱ्हाइकांना खरं कारण सांगितलं. एक जण मशीन घेऊन गेला आणि पुन्हा आला नाही. दुसरा म्हणाला, मग सावकाश करा.

ठरल्या दिवशी रतन सकाळी अकराला आला. नवा सिलिंडर, नवा पिस्टन, भोकांच्या कडा पुन्हा नीट घासलेल्या. हात मिस्त्रींचे जसेच्या तसे होते, त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्यांनी मशीन अंगणात नेलं. अंगणाच्या बरोबर वर स्वयंपाकघराची खिडकी. मुक्ताईंना त्यांनी आदल्या दिवशी विनवलं होतं की खाली ये, शेजारी उभी राहा, आवाज लागला की हात वर कर. मुक्ताई म्हणाल्या होत्या, मी खाली येणार नाही आणि हातवारेही करणार नाही. मला स्वयंपाकघरात कळतं, दुसरीकडे कळेल की नाही मला माहीत नाही. मी माझा चहा ठेवीन. तुम्हाला बघायचं तर बघा.

मिस्त्रींनी पूर्णिमाची केशरी टोपी कानांवर ओढली. रतनने भुवया उंचावल्या, पण विचारलं नाही. दोरी ओढली, मशीन दुसऱ्या झटक्यात लागलं. जरा तापू दिलं आणि पूर्ण रेस दिली. अंगणातली चिमणी उडाली. मिस्त्री स्क्रू फिरवू लागले, उजवीकडे, अगदी थोडा थोडा. डोळे मात्र वर. खिडकीत मुक्ताई पाठमोऱ्या उभ्या होत्या, काहीतरी निवडत. मिस्त्रींना आवाज भरडाच वाटत होता. आणखी थोडा. मुक्ताई निवडत होत्या. आणखी अगदी केसभर. मुक्ताईंनी मान किंचित वाकडी केली, हातातलं ताट बाजूला ठेवलं, फळीवरून पातेलं काढलं आणि शेगडीकडे वळल्या.

मिस्त्रींचा हात थबकला. त्यांच्या कानात अजून सगळं बोथट होतं. बोटं म्हणत होती, पाव फेरा अजून, धार कुठे आली आहे. चाळीस वर्षांची बोटं ती, आणि ती कधी कुणाचं ऐकत नसत. मिस्त्रींनी पेचकस बाहेर काढला आणि जमिनीवर ठेवला. मशीन बंद केलं.

मग रतनने ते उचललं, बाभळीच्या ओंडक्यावर धरलं आणि पुन्हा चालू केलं. भुसा भरभर उडाला. मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं, पंधरा सेकंद. रतनने दोन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत ओंडक्याच्या चकत्या पाडल्या. शेवटी मिस्त्रींनी सायलेन्सर काढून बॅटरी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “तूच वाच.” रतन वाकून बराच वेळ बघत राहिला. पिस्टनवर एक रेघ नव्हती.

मुक्ताईंनी एवढ्यात दुसऱ्यांदा आधण ठेवलं होतं, कारण पहिला चहा त्यांनी एकट्यानेच पिऊन टाकला होता. दोघं वर गेले तेव्हा तीन कप मांडलेले होते. रतन दाराशीच बसणार होता, मुक्ताईंनी त्याला खुर्ची दिली. त्याने दोन घोट घेतले आणि त्याच्या मनात सकाळपासून घोळत असलेलं विचारलं.

“मिस्त्री, कान झाकून व्हता तुमी. मग आवाज लागला हे कळलं कसं?”

गेल्या महिन्यापर्यंत संपत मिस्त्रींनी याला काहीतरी ऐटबाज उत्तर दिलं असतं. लोणीपासून बारामतीपर्यंत ते उत्तर फिरलं असतं.

“मला नाही कळलं,” ते म्हणाले. “हिला कळलं. स्कूटर होत्या तेव्हापासून हिलाच कळतंय.”

रतनने मुक्ताईंकडे पाहिलं. मुक्ताईंनी साखरेचा डबा त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या की चहा निवतोय, आधी प्या. मिस्त्रींनी आपला कप उचलला, फुंकर मारली आणि एक घोट घेतला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याचा चहा वेळेवर झाला होता.